पोर्तुगालमधली हुकूमशाही ४८ वर्षे कशी टिकली?

१९६८च्या ऑगस्ट महिन्यात पोर्तुगालचा पंतप्रधान आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार लिस्बनजवळच्या एस्तोरिल इथल्या समुद्रकाठच्या किल्ल्यात उन्हाळा घालवायला आला होता. तिथे तो खुर्चीवरून पडला. वय ७९. डोक्याला मार लागून मेंदूत रक्त साकळले, शस्त्रक्रिया झाली, पाठोपाठ पक्षाघाताचा झटका आला. छत्तीस वर्षे पंतप्रधानपदावर असलेला माणूस कारभारातून कायमचा उठला. २७ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष आमेरिको तोमाश यांनी मार्सेलो कायतानो या कायद्याच्या प्राध्यापकाला त्याच्या जागी नेमले. २७ जुलै १९७०ला मरेपर्यंत सालाझार आपणच पंतप्रधान आहोत अशा समजुतीत होता आणि भोवतालच्यांनी ती समजूत मोडली नाही, असे सांगतात.

ही हकिगत बहुतेकदा गंमत म्हणून सांगितली जाते. मला तिच्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. हुकूमशहा बाजूला झाला आणि देशात काही हलले नाही. गुप्त पोलीस होते तिथेच राहिले. वर्तमानपत्रांच्या मजकुरावर सेन्सॉरची निळी पेन्सिल फिरतच राहिली. आफ्रिकेतली तीन युद्धे चालू राहिली. राजवट आणखी साडेपाच वर्षे चालली. एका माणसाचा करारीपणा, त्याचे कपट, त्याची जरब एवढ्यावर ती उभी असती तर तो पडल्यावर तीही पडायला हवी होती.

मराठी वाचकाला सालाझार ठाऊक आहे तो गोव्यामुळे. १९४७ला इंग्रज गेले, १९५४ला फ्रेंचांनी पाँडिचेरीचा ताबा सोडला, मग पोर्तुगीजच का अडून बसले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे बहुधा ‘सालाझार हट्टी होता’ एवढ्यावर संपते. पण गोव्याने जी राजवट भोगली तीच पोर्तुगालची जनताही भोगत होती. गोव्याच्या मुक्तिलढ्यातले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६मध्ये आठ वर्षांची शिक्षा देऊन पेनिशच्या सागरी किल्ल्यात नेऊन ठेवले, तेव्हा तो किल्ला पोर्तुगीज राजकीय कैद्यांचाच तुरुंग होता. त्याच लढ्यातले सांगलीचे मोहन रानडे १९५५मध्ये पकडले गेले आणि पुढे लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात राहिले. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे, म्हणजे १९६९च्या जानेवारीपर्यंत, ते सुटले नाहीत. त्याच तुरुंगात लिस्बनचे विद्यार्थी, वकील, कामगार येत-जात होते. त्यामुळे गोव्याला स्वातंत्र्य का मिळत नव्हते आणि पोर्तुगीजांना लोकशाही का मिळत नव्हती, हे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

सुरुवात समजून घ्यायला हवी. १९१०मध्ये राजा गेला आणि पोर्तुगाल प्रजासत्ताक झाला. पुढच्या सोळा वर्षांत पंचेचाळीसच्या आसपास मंत्रिमंडळे आली आणि गेली. मध्येच देश पहिल्या महायुद्धात उतरला, महागाईने पगारदारांचे कंबरडे मोडले, बंडे आणि राजकीय खून झाले. २८ मे १९२६ला लष्कराने सत्ता घेतली तेव्हा अनेकांना सुटल्यासारखेच वाटले. सेनाधिकाऱ्यांना मात्र हिशेब जमेना. १९२८मध्ये त्यांनी कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक सालाझार याला अर्थमंत्री केले. प्रत्येक खात्याच्या खर्चावर आपला शेवटचा शब्द राहील, ही अट त्याने आधीच मान्य करून घेतली होती. वर्षभरात अंदाजपत्रक जुळले. ज्याच्या हाती सगळ्यांच्या खर्चाची किल्ली, त्याच्याच हाती हळूहळू बाकीचे सगळे गेले. १९३२मध्ये तो पंतप्रधान झाला. १९३३मध्ये सार्वमताने ‘नवे राज्य’ म्हणजे एस्तादो नोव्होची राज्यघटना मंजूर झाली. त्या सार्वमतात जे मत द्यायला आलेच नाहीत त्यांची गणनाही होकारात केली गेली.

गोंधळाची आठवण हे अशा राजवटीचे पहिले भांडवल असते. ‘आम्ही नसलो तर पुन्हा तेच दिवस येतील’ हे वाक्य ज्याने ते दिवस पाहिले आहेत त्याला पटते. पण हे भांडवल सरत जाते. १९५८मध्ये तिशीत असलेल्या माणसाला १९२५ आठवत नव्हते. मग आणखी सोळा वर्षे राजवट कशावर चालली?

राज्यकर्त्याला सगळ्या जनतेला खूश ठेवायचे नसते. ज्यांच्या पाठिंब्यावाचून त्याचे पान हलणार नाही, तेवढ्याच लोकांना धरून ठेवावे लागते. लोकशाहीत हा गट लाखोंचा असतो, म्हणून रस्ते, शाळा, दवाखाने यांकडे थोडेतरी बघावे लागते. हुकूमशाहीत तो लहान असतो आणि त्याला थेट देता येते. राज्यशास्त्रज्ञ ब्रूस ब्वेनो द मेस्किता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हा विचार एका मोठ्या ग्रंथात मांडला. पोर्तुगालमध्ये तो जसाच्या तसा दिसतो.

१९३१पासून नवा कारखाना काढायचा किंवा जुना वाढवायचा तर सरकारी परवानगी लागे. ज्याचा कारखाना आधीच चालू होता त्याला आपोआप संरक्षण मिळाले, स्पर्धक उभाच राहू शकला नाही. संपावर बंदी होती, कामगार संघटना सरकारने आखून दिलेल्या चौकटीतच चालत, त्यामुळे मजुरी कमी राहिली. काही घराण्यांचे प्रचंड उद्योगसमूह याच आश्रयाखाली वाढले. दक्षिणेकडच्या आलेंतेजो प्रांतात मोठ्या जमीनदारांची शेते शाबूत राहिली आणि भूमिहीन मजूर हंगामी कामाच्या आशेवर राहिला. चर्चला प्रजासत्ताकाने दुखावले होते, १९४०मध्ये व्हॅटिकनशी करार करून सालाझारने त्याचा मान परत दिला. लिस्बनचे मुख्य धर्मगुरू कार्डिनल सेरेजेइरा हे त्याचे कोइंब्राच्या दिवसांतले मित्र होते. या प्रत्येकाला राजवट आवडत होती असे नाही. ती गेल्यावर आपल्याकडे आहे ते राहणार नाही, ही भीती मात्र प्रत्येकाला होती.

हे संरक्षण किती खालपर्यंत पोचले होते ते एका कायद्यावरून कळते. १९३७मध्ये आगपेटीच्या कारखानदारांचा धंदा राखण्यासाठी सरकारने सिगारेटचा लायटर वापरायला परवाना सक्तीचा केला. खिशात लायटर आणि परवाना नाही, तर दंड. दंडाच्या रकमेत पकडणाऱ्याचा वाटा असे, आणि कुणी चुगली केली असेल तर त्यालाही काही मिळे. हा नियम १९७०पर्यंत होता. एका उद्योगाला सांभाळताना रस्त्यावरचा माणूस दुसऱ्या माणसावर नजर ठेवायला शिकला, आणि राजवटीला या दोन्ही गोष्टी हव्या होत्या.

आता दहशतीकडे वळू. गुप्त पोलिसांचे नाव दोनदा बदलले, पण लोकांच्या तोंडी राहिले ते ‘पिडे’ हे १९४५नंतरचे नाव. खटल्याशिवाय सहा महिन्यांपर्यंत डांबून ठेवण्याचा अधिकार तिला होता. शिक्षा भोगून झाल्यावरही ‘सुरक्षेचा उपाय’ म्हणून कैद पुनःपुन्हा वाढवता येई. दिवसेंदिवस झोपू न देणे आणि तासन् तास एका जागी उभे करणे ही तिची नेहमीची छळाची रीत होती. १९३६मध्ये आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवर ताराफालची छावणी उघडली. तिथे ऊन, मलेरिया आणि औषधांचा अभाव माणसाला हळूहळू संपवत असे.

तरीही शेजारच्या स्पेनमधल्या फ्रँकोच्या राजवटीने जेवढी माणसे मारली त्या मानाने पोर्तुगालमध्ये राजकीय मृत्यू फार कमी झाले. यावरून काही लोक सालाझारला सौम्य हुकूमशहा म्हणतात. हे मला साफ अमान्य आहे. हिंसा कमी होती ती फक्त पोर्तुगालच्या भूमीवर. ऑगस्ट १९५९मध्ये बिसाऊच्या गोदीत संपावर गेलेल्या कामगारांवर गोळ्या चालल्या, १५ ऑगस्ट १९५५ला गोव्याच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर चालल्या, डिसेंबर १९७२मध्ये मोझांबिकच्या विरियामू गावात लहान मुलांसकट शेकडो माणसे मारली गेली. ज्यांच्या मताला राजवटीच्या लेखी किंमत नव्हती त्यांच्यावर बंदूक मोकळी सोडलेली होती. लिस्बनमध्ये तिची एवढी गरज पडत नव्हती, कारण तिथे दुसरी साधने पुरत होती.

या साधनांतले सर्वांत परिणामकारक म्हणजे नोकरी. १९३६पासून सरकारी नोकराला आपण कम्युनिझम आणि सगळे ‘विध्वंसक’ विचार नाकारतो असे लेखी द्यावे लागे. प्राथमिक शिक्षिकेला लग्न करायला सरकारची परवानगी लागे आणि नवऱ्याची मिळकत व वर्तन तपासले जाई. विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय देशाबाहेर जाता येत नसे. हा नियम १९६९पर्यंत होता. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे, असे त्या काळच्या गोवेकरांनी सांगितले आहे. राजकारणाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही वर्षातून कधीतरी सरकारपुढे अर्ज घेऊन उभे राहावेच लागत होते, आणि तो अर्ज अडेल अशी कुठलीही गोष्ट तो आधीपासूनच टाळत होता.

१९७४च्या क्रांतीनंतर पिडेची दफ्तरे लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेली आणि १९९०च्या दशकात अभ्यासकांना खुली झाली. त्यांत खबऱ्यांचे अहवाल आहेतच, पण आपल्याला खबऱ्याचे काम द्यावे म्हणून सामान्य माणसांनी आपणहून लिहिलेली पत्रेही आहेत. कुणाला चार पैसे हवे होते, कुणाला शेजाऱ्याचा सूड घ्यायचा होता, कुणाला ओळखीतून एखादे काम करून घ्यायचे होते. पिडेचे खबरी खरोखर किती होते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लोकांच्या मनातली संख्या मात्र खऱ्या संख्येहून नक्कीच मोठी होती, आणि राजवटीचे काम त्या मनातल्या संख्येनेच भागत होते. कॉफीच्या दुकानात शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे ठाऊक नसेल तर माणूस फुटबॉलवर बोलतो.

अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी यामागची यंत्रणा फार नेमकी दाखवून दिली आहे. प्रत्येकाच्या मनात एक मत असते आणि ओठांवर दुसरे. दहा जणांच्या टेबलावर नऊ जण मनातून विरोधात असतील, तरी प्रत्येकाला वाटते की आपण एकटेच. बंड करायला धैर्य लागते हे खरे, पण त्याआधी बरोबर आणखी कितीजण आहेत ही माहिती लागते. हुकूमशाहीचे सेन्सॉर, खबरी, बंदी घातलेल्या सभा हे सगळे ही माहिती तयारच होऊ नये यासाठी असतात. हिटलर-मुसोलिनीसारखे लाखोंचे मेळावे सालाझारला आवडत नसत. युवकांच्या गणवेशातल्या संघटना त्याने काढल्या खऱ्या, पण त्याला हवा होता तो आपापल्या घरी, आपापल्या कामात असलेला शांत माणूस. १९३०च्या सुमाराला देशात निम्म्याहून अधिक लोक निरक्षर होते आणि १९७०मध्येही जवळपास चौथा हिस्सा निरक्षर होता. युरोपातल्या देशाच्या बाबतीत हा आकडा धक्कादायक आहे.

म्हणूनच ‘लोकांनी एवढी वर्षे सहन केले म्हणजे त्यांची संमतीच होती’ हे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. गोव्याबद्दलही हे म्हटले गेले, लिस्बनमधून तर सतत म्हटले गेले. १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांची सभा झाली तेव्हा बंदी असूनही लोक जमले. इतकी वर्षे न दिसलेली माणसे त्या दिवशी एकमेकांना दिसली. पोर्तुगालमध्ये असा क्षण १९५८मध्ये आला.

निवडणुका तिथे होत होत्या. मतदारयादी आखूड ठेवायची, विरोधकांना प्रचाराला जेमतेम महिना द्यायचा, मतमोजणी आपल्या माणसांकडे ठेवायची, अशी व्यवस्था होती. विरोधी उमेदवार बहुधा शेवटच्या आठवड्यात माघार घेत. १९५८च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हवाई दलाचे जनरल उंबेर्तो देलगादो उभे राहिले. ते राजवटीतलेच, पूर्वी सालाझारचे समर्थक. वॉशिंग्टनला नेमणूक असताना त्यांनी अमेरिकी लोकशाही जवळून पाहिली होती. निवडून आलात तर सालाझारचे काय करणार, असे पत्रकार परिषदेत विचारल्यावर, अर्थातच काढून टाकणार, असे ते सहज बोलून गेले. हे वाक्य मोठ्याने बोलता येते हेच देशाला त्या दिवशी कळले. पोर्तो शहरात त्यांच्या स्वागताला अफाट गर्दी लोटली. सुमारे नव्वद लाखांच्या देशात दहा लाखांच्या आसपास मते पडली आणि अधिकृत मोजणीने देलगादोंना त्यांतला पाव भागही दिला नाही. लगेच पुढच्या वर्षी घटना दुरुस्त करून राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूकच रद्द झाली. देलगादोंना देश सोडावा लागला. फेब्रुवारी १९६५मध्ये पिडेच्या माणसांनी त्यांना भेटीच्या आमिषाने स्पेनच्या सीमेजवळ बोलावून ठार केले.

अशी राजवट निवडणूक घेते तरी कशाला? मला वाटते, तिला दोन उपयोग असतात. परदेशी मित्रांना दाखवायला काहीतरी मिळते, आणि विरोधक कोण आहेत हे दर काही वर्षांनी उघड होते. १९४५मध्ये निवडणुकीच्या आश्वासनावर विश्वास ठेवून ज्यांनी विरोधी आघाडीच्या पत्रकांवर सह्या केल्या, त्यांतल्या अनेकांच्या नोकऱ्या पुढे त्या सह्यांपायी गेल्या.

परदेशी मित्रांची बाजू मोठी आहे आणि ती सांगताना मन कडवट होते. १९४५मध्ये हिटलर आणि मुसोलिनी संपले. सालाझार संपला नाही, कारण युद्धात तो तटस्थ राहिला होता, दोन्ही बाजूंना टंगस्टन विकत होता, आणि १९४३मध्ये त्याने अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरचे तळ दोस्तांना दिले होते. १९४९मध्ये ‘नाटो’ स्थापन झाली तेव्हा लोकशाही राष्ट्रांच्या त्या संघटनेत पोर्तुगाल संस्थापक सदस्य होता. १९६१च्या मार्चमध्ये केनेडींच्या सरकारने अंगोलाच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालविरुद्ध मत दिले. पण अझोर्सच्या तळाचा करार १९६२अखेर संपत होता. सालाझारने नूतनीकरण लटकत ठेवले आणि अमेरिकेचा आवाज उतरत गेला. १९६१च्याच १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताने गोव्यातून सैन्य मागे घ्यावे असा ठराव आला, तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स त्याच्या बाजूने होते. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलला रसद नेणाऱ्या अमेरिकी विमानांना युरोपच्या बहुतेक देशांनी दार लावले, अझोर्सने ते उघडे ठेवले. समुद्रातल्या एका धावपट्टीने या राजवटीला कितीतरी वर्षांचे आयुष्य दिले.

लोक देश सोडून जात होते हेही राजवटीला सोयीचे ठरले. १९६० ते १९७४ या काळात चौदा-पंधरा लाख माणसे बाहेर पडली, बरीचशी डोंगर ओलांडून चोरून फ्रान्समध्ये. साठच्या दशकात देशाची लोकसंख्या घटली. सर्वांत अस्वस्थ तरुण पॅरिसच्या बांधकामांवर गेला आणि तिथून घरी पैसे पाठवू लागला.

मग हे सगळे कोसळले कसे? राज्यशास्त्रज्ञ मिलान स्व्होलिक यांनी १९४६ ते २००८ या काळात घटनाबाह्य मार्गाने सत्ता गमावलेले ३०३ हुकूमशहा तपासले. त्यांतल्या २०५ जणांना, म्हणजे दोन तृतीयांशांहून अधिक जणांना, त्यांच्याच गोटातल्या माणसांनी खाली खेचले होते. जनतेच्या उठावाने गेलेले थोडे. सालाझारला हे आकड्यांशिवायच माहीत होते. एप्रिल १९६१मध्ये त्याचा संरक्षणमंत्री जनरल बोतेल्यो मोनिझ काही ज्येष्ठ अधिकाऱ्यांना घेऊन त्याला हटवायच्या बेतात होता. सालाझारने आधीच पाऊल टाकले, त्यांना काढले आणि संरक्षण खाते स्वतःकडे घेतले. लष्कर हाच त्याचा आधार होता आणि लष्कराचीच त्याला धास्ती होती.

इथे गोवा या कथेत परत येतो, आणि पोर्तुगीज लोकशाहीच्या इतिहासात त्याचे स्थान आपल्याला वाटते त्याहून मोठे आहे. १९६१च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांच्याकडे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक होते. समोर त्यांच्या अनेक पट भारतीय सैन्य, हवाई दल आणि नौदल. सालाझारचा निरोप आला की शरणागती नको, सैनिक आणि खलाशी जिंकलेले तरी दिसोत नाहीतर मेलेले. व्हासालो इ सिल्वा यांनी तो पाळला नाही. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी महिनोन् महिने छावण्यांत राहिले, कारण त्यांना परत न्यायची लिस्बनला घाई नव्हती. १९६२च्या मे महिन्यात ते परतले. १९६३मध्ये व्हासालो इ सिल्वा यांना सैन्यातून बडतर्फ केले गेले, इतर काही अधिकाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. एवढी मोठी सेना आपल्या हद्दीत आली तर काय करायचे याचे उत्तर राजकारण्यांकडे नव्हते आणि बोल मात्र सैनिकांना लागला, ही गोष्ट तरुण अधिकाऱ्यांच्या मनातून गेली नाही.

त्याच सुमारास आफ्रिकेची युद्धेही आली. १९६१मध्ये अंगोला, १९६३मध्ये गिनी, १९६४मध्ये मोझांबिक. त्या काळात सरकारी खर्चाचा सुमारे ४० टक्के भाग लष्करावर जाऊ लागला. सक्तीची सैनिकी सेवा चार वर्षांपर्यंत लांबली. आठ हजारांहून अधिक सैनिक गेले, आफ्रिकेतल्या माणसांच्या मृत्यूंची तर नीट मोजदादही झाली नाही. १९७०नंतर गिनीतला लढा हातचा गेल्याचे तिथल्या कॅप्टनांना दिसत होते. उद्या हरलो तर व्हासालो इ सिल्वांसारखे आपल्यालाच बळी दिले जाईल, ही बोलणी त्यांच्यात उघड होऊ लागली.

कायतानोला यातून वाट काढता आली नाही. आल्या आल्या त्याने सेन्सॉर थोडा सैल केला, काही हद्दपारांना परत येऊ दिले, संसदेत काही उदारमतवादी तरुण घेतले. लोकांना आशा वाटली. पण अशी राजवट थोडीशी उघडणे फार अवघड असते. पिडेचे अधिकार कमी करावेत तर कालचे गुन्हे बाहेर येणार. आफ्रिकेत वाटाघाटी कराव्यात तर तोमाश आणि त्यांच्या भोवतीचे जुने जनरल त्यालाच काढणार. निवडणूक खरी घ्यावी तर पहिला प्रश्न युद्धाचाच निघणार. वरच्या प्रत्येकाला बदलाची किंमत आज द्यावी लागणार होती आणि त्याचा फायदा दुसऱ्या कुणाला तरी नंतर मिळणार होता. १९७३च्या सुरुवातीला उदारमतवादी गटाचे फ्रान्सिस्को सा कार्नेरो संसदेतून राजीनामा देऊन बाहेर पडले. हुकूमशहाला शहाणपण सुचत नाही म्हणून लोकशाही अडते असे आपण समजतो. कायतानोला बरेच काही कळत होते. ज्यांच्या आधारावर तो खुर्चीत होता त्यांनाच दुखावल्याशिवाय त्याला पुढे पाऊल टाकता येत नव्हते.

जुलै १९७३मध्ये अधिकाऱ्यांचा तुटवडा भरून काढण्यासाठी एक हुकूम निघाला. सक्तीच्या सेवेतल्या तात्पुरत्या अधिकाऱ्यांना छोटा अभ्यासक्रम करून कायम करायचे आणि त्यांची जुनी सेवाही ज्येष्ठतेत धरायची. वर्षानुवर्षे जंगलात लढलेल्या कायम कॅप्टनांच्या बढत्या मागे पडणार होत्या. ९ सप्टेंबरला एव्होरा शहराजवळच्या एका शेतावर शंभराहून अधिक अधिकारी जमले. मागणी बढतीची होती. बढतीवरून बोलणी युद्धावर आली, युद्धावरून सरकारवर, आणि काही महिन्यांत तीच बैठक सेनादलांची चळवळ झाली. फेब्रुवारी १९७४मध्ये जनरल स्पिनोला यांनी युद्ध लष्करी बळावर जिंकता येणार नाही असे पुस्तकच प्रसिद्ध केले. मार्चमध्ये वयोवृद्ध जनरल कायतानोपुढे निष्ठा व्यक्त करायला गेले, स्पिनोला आणि सरसेनाधिकारी कोश्ता गोमिश गेले नाहीत, म्हणून त्यांना पदावरून दूर केले.

२५ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर वीस मिनिटांनी रेडिओवर ठरलेले गाणे लागले आणि तुकड्या निघाल्या. सांतारेंहून कॅप्टन साल्गेरो माइया चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये पोचले. नदीकाठच्या रस्त्यावर त्यांच्यासमोर सरकारशी निष्ठावंत तुकडी उभी ठाकली. ब्रिगेडियरने गोळी चालवायचा हुकूम दिला. हाताखालच्या अधिकाऱ्याने तो मानला नाही, रणगाड्यातल्या सैनिकानेही मानला नाही. ४८ वर्षांची व्यवस्था त्या नकारावर संपली असे मी म्हणेन, कारण त्यानंतर कायतानोकडे हुकूम पाळणारे जवळपास कुणी राहिले नाही. नागरिकांनी घरातच थांबावे असे बंडखोर रेडिओवरून पुनःपुन्हा सांगत होते. कुणी थांबले नाही. रस्ते भरून गेले, सैनिकांच्या बंदुकांत लाल कार्नेशनची फुले आली. इतकी वर्षे प्रत्येकाला आपण एकटे आहोत असे वाटत होते आणि सकाळी अकरापर्यंत कुणालाच तसे वाटत नव्हते. संध्याकाळी कायतानोने कार्मो बराकीत स्पिनोलांकडे सत्ता सोपवली. पिडेच्या मुख्यालयातून जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात चौघे गेले.

पुढचे दीड वर्ष शांत गेले नाही. सरकारे बदलली, कारखाने आणि बँका राष्ट्रीयीकृत झाल्या, आलेंतेजोत मजुरांनी जमिनी ताब्यात घेतल्या, मार्च आणि नोव्हेंबर १९७५मध्ये पुन्हा लष्करी उठावाचे प्रयत्न झाले. तरी २५ एप्रिल १९७५ला घटना समितीसाठी मतदान झाले आणि ९० टक्क्यांहून अधिक मतदार केंद्रांवर आले. राजकारणाची या जनतेला आवड नाही, असे तिच्याविषयी चार दशके सांगितले जात होते.

भारताने गोव्याबाबत वाटाघाटींची औपचारिक मागणी १९५०मध्ये केली होती. नव्या पोर्तुगीज सरकारने ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीत करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. त्याच नव्या राजवटीत व्हासालो इ सिल्वा यांना त्यांचा लष्करी हुद्दा परत मिळाला.